जुलाब थांबल्यानंतर : जीबीएस आणि रोजचे संसर्ग

२०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या रुग्णालयांत एका आजाराचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. एरवी हा आजार मोठ्या रुग्णालयातही क्वचितच दिसतो. पायांत मुंग्या, मग पायांकडून वर चढत जाणारा अशक्तपणा, जिना चढता न येणे, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर. पत्ते बघितले तर किरकटवाडी, नांदेड गाव, नांदेड सिटी, धायरी, खडकवासला. म्हणजे बव्हंशी सिंहगड रस्त्याचा पट्टा. बऱ्याच जणांची हकीकतही मिळतीजुळती होती : थोड्या दिवसांपूर्वी जुलाब-उलट्या झाल्या होत्या, त्या थांबल्या, बरे वाटले, कामावर गेलो आणि मग हे सुरू झाले. फेब्रुवारी सरेपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि डझनभर मृत्यूंची नोंद झाली. गियाँ-बारे सिंड्रोम, अर्थात जीबीएस, हे नाव तोवर वैद्यकीय पुस्तकांत होते. ते आता सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले.

हा आकडा किती मोठा आहे हे कळण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. जगभर जीबीएसचे प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण एक ते दोन आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सत्तर लाखांच्या आसपास वस्ती धरली, तर वर्षभरात ७० ते १४० रुग्ण अपेक्षित, दोन महिन्यांत १२ ते २४. प्रत्यक्षात तेवढ्याच काळात दोनशेवर झाले, तेही एका पट्ट्यात दाटून. याला योगायोग म्हणता येत नाही. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचे कपडे धुतल्याने तो होत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की न पसरणाऱ्या आजाराची साथ कशी येते? त्याच्या आधी येऊन गेलेला संसर्ग पसरणारा असतो म्हणून. गेल्या चार दशकांत वैद्यकशास्त्राने हा धागा जितक्या बारकाईने उलगडला आहे, तितका दुसऱ्या क्वचितच एखाद्या स्वप्रतिकारक आजाराच्या बाबतीत उलगडला असेल. म्हणूनच या साऱ्या संशोधनाकडे एकदा सलग बघायला हवे.

आजार जुनाच. फ्रान्समध्ये ज्याँ लांद्री या वैद्याने १८५९ मध्ये पायांतून वर चढणाऱ्या लकव्याचे वर्णन करून ठेवले होते. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, जॉर्ज गियाँ, ज्याँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे श्त्रोल यांनी दोन सैनिकांची नोंद प्रसिद्ध केली. दोघांचे हातपाय दुबळे झाले होते, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले तेव्हा त्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी जवळजवळ नाहीत. जंतूंनी चेतासंस्थेवर थेट हल्ला केला असता तर पेशी वाढायला हव्या होत्या. ही विसंगती आजही निदानाचा एक आधार आहे. आणि आज मागे वळून पाहताना तिच्यात पुढच्या साऱ्या कथेची खूण दिसते : नुकसान नसांचे झाले आहे, पण तिथे जंतू नाही. श्त्रोलचे नाव मात्र आजाराच्या नावातून गळाले. १९५६ मध्ये कॅनडाच्या चार्ल्स मिलर फिशर यांनी या आजाराचे एक भावंड दाखवले. त्यात हातपाय धड असतात, पण डोळ्यांची बुबुळे हलत नाहीत, चालताना तोल जातो आणि सांध्यांवरचे प्रतिक्षेप नाहीसे होतात.

लक्षणे साधारणपणे दोन आठवड्यांत, फार तर चार आठवड्यांत, शिगेला पोहोचतात. त्यानंतर एक पठार येते आणि मग हळूहळू सुधारणा. पाचातल्या एकाला किंवा थोड्या अधिकांना व्हेंटिलेटर लागतो. चांगले अतिदक्षता विभाग असलेल्या देशांतही शंभरातले तीन ते सात दगावतात आणि सहा महिन्यांनंतरही पाचातला एक जण आधाराविना चालू शकत नाही. ‘बहुतेक जण बरे होतात’ हे वाक्य खरे आहे. पण ते ऐकवताना हे पाचातले एक माणूस विसरले जाते, आणि ते अनेकदा घरातले कमावते माणूस असते.

जीबीएसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत कुठला तरी संसर्ग झालेला असतो, बहुधा पोटाचा किंवा घशा-छातीचा. डॉक्टरांना हे ढोबळमानाने फार पूर्वीपासून माहीत होते. पण ‘ताप येऊन गेला होता’ ही बाब कोणत्याही घरात, कोणत्याही महिन्यात खरी असते. सर्दी आणि जुलाब इतके नेहमीचे, की त्यांच्यामागून काहीही आले तरी त्यांच्यावर बोट ठेवता येते. काळात मागेपुढे येणे हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तो पुरावा मिळाला एका अशा जंतूमुळे, जो १९७० च्या दशकापर्यंत प्रयोगशाळांना नीटसा सापडतही नव्हता.

त्याचे नाव कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. नागमोडी आकाराचा, नखऱ्याचा जंतू. त्याला वाढायला हवेतल्यापेक्षा कमी ऑक्सिजन लागतो आणि ४२ अंश सेल्सिअसची ऊब लागते; पक्ष्यांच्या आतड्यात साधारण हेच तापमान असते. म्हणून कोंबडी हे त्याचे आवडते घर आणि तिथे तो कोंबडीला फारसा त्रास न देता राहतो. नेहमीच्या पद्धतीने शौचाचा नमुना कल्चरला टाकला तर हा उगवत नाही. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या मार्टिन स्किरो यांनी तो सहज वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मग लक्षात आले, की जगातल्या जिवाणूजन्य जुलाबांच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. अर्धकच्ची कोंबडी, न तापवलेले दूध, दूषित पाणी हे त्याचे रस्ते. काहीशे जंतू पोटात गेले तरी आजारी पडायला पुरतात. उलट उकळी आणि क्लोरीन यांपुढे तो टिकत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

१९८२ मध्ये इंग्लंडमधून कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबांनंतर जीबीएस झालेल्या एका रुग्णाची नोंद आली. एका रुग्णावरून काही ठरत नाही, पण संशय जागा झाला. खरे वळण आले उत्तर चीनमध्ये. तिथल्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलांचे हातपाय अचानक लुळे पडत आणि अशा मुलांनी इस्पितळांचे विभाग भरत. लस देऊनही पोलिओच फिरून येतोय का, अशी शंका होती. गाय मॅकहान, जॅक ग्रिफिन, आर्थर असबरी आणि त्यांचे चिनी सहकारी यांनी १९९० च्या सुमारास या मुलांच्या नसांच्या विद्युतचाचण्या केल्या. पुढे मृत मुलांच्या नसाही तपासल्या. निघाले ते पाश्चात्त्य पुस्तकांतल्या नेहमीच्या जीबीएसपेक्षा वेगळे. तिकडे नसेच्या तंतूभोवतीचे मायलिनचे आवरण झडते. इथे आवरण जागेवर होते आणि खुद्द तंतूवरच, तोही हालचालींच्या नसांच्या तंतूवर, घाव होता. या प्रकाराला पुढे ‘अमान’ हे संक्षिप्त नाव मिळाले. आणि या मुलांच्या रक्तात कॅम्पिलोबॅक्टर नुकताच येऊन गेल्याच्या खुणा मोठ्या प्रमाणात सापडल्या. उन्हाळा, खेडे, अंगणातल्या कोंबड्या, विहिरीचे पाणी हे सगळे एका रेषेत आले.

उरला होता यंत्रणेचा प्रश्न : आतड्यातला जंतू पायाच्या नसेचे नुकसान करतो तरी कसा? याचे उत्तर शोधण्यात जपानचे नोबुहिरो युकी यांचा वाटा सर्वांत मोठा. आपल्या नसांच्या पृष्ठभागावर गँग्लिओसाइड नावाचे साखर-मेदाचे रेणू असतात. जीएम-१, जीडी-१ए, जीक्यू-१बी अशी त्यांची नावे. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य कवचावरही साखरेच्या साखळ्या असतात. युकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की जीबीएसच्या रुग्णाकडून मिळवलेल्या जंतूच्या कवचावरची साखळी रचनेने थेट मानवी जीएम-१ सारखी आहे. जंतूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. जंतू मरतो, जुलाब थांबतात, पण प्रतिपिंडे रक्तात फिरत राहतात. नसेवर त्यांना तीच साखळी दिसते आणि ती तिला चिकटतात. मग रक्तातली पूरक प्रथिनांची साखळी, म्हणजे कॉम्प्लिमेंट, पेटते. नसेच्या पडद्याला भोके पडतात आणि संदेश थांबतो. ग्लासगोच्या ह्यू विलिसन यांच्या गटाने हा घाव नसेच्या कोणत्या ठिकाणी, कसा पडतो याचे तपशील प्राण्यांमध्ये उलगडून दाखवले.

यापुढची दोन पावले मला या साऱ्या शोधातली सर्वांत देखणी वाटतात. पहिले असे. युरोपात एके काळी नसांच्या दुखण्यावर औषध म्हणून गाईच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शने दिली जात. ती घेतलेल्या काही रुग्णांना जीबीएससारखा लकवा झाला. युकींनी हाच धागा पकडून सशांना गँग्लिओसाइड टोचले, तेव्हा ससे लुळे पडले. २००४ मध्ये त्यांनी जंतूच्याच कवचातला रेणू टोचून तोच परिणाम दाखवला. म्हणजे कार्यकारणाच्या सगळ्या कड्या प्रयोगात जुळल्या. दुसरे पाऊल आणखी बारीक. ही साखरसाखळी तयार करणाऱ्या जंतूच्या एका विकरात एकावन्नाव्या जागी कोणते अमिनो आम्ल आहे, यावर आजाराचे रूप अवलंबून असते. थ्रिओनिन असेल तर साखळी जीएम-१ सारखी बनते आणि हातपाय लुळे पडणारा जीबीएस होण्याकडे कल असतो. अस्पॅराजिन असेल तर ती जीक्यू-१बी सारखी बनते आणि मिलर फिशरचे रूप येते, कारण डोळे हलवणाऱ्या नसांवर जीक्यू-१बी विपुल असते. जंतूच्या एका विकरातल्या एका कणाने रुग्णाचे पाय जाणार की डोळे, हे बरेचसे ठरावे, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी थक्क करते.

मग कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या सर्वांनाच जीबीएस का होत नाही? हजारातल्या फार तर एकाला होतो. काही अंशी उत्तर जंतूत आहे : सगळ्या वाणांवर नसेसारखी साखळी नसते. पण एकाच वाणाने आजारी पडलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांपैकी एकच लुळा पडतो, याचे उत्तर जंतूत नाही. ते माणसात असणार आणि तिथे शास्त्राचे हात अजून रिकामे आहेत. जनुकांचे अभ्यास झाले, पण सर्वत्र टिकेल असा दुवा हाती आलेला नाही. हा आजार घराण्यात चालत येत नाही आणि एकदा होऊन गेलेल्यांपैकी मोजक्यांनाच तो पुन्हा होतो.

नसेसारख्या साखळीचा हा सिद्धांत इतका सुबक आहे, की त्याने सगळे सुटले असे वाटण्याचा मोह होतो. तसे नाही. युरोप-अमेरिकेत जो मायलिन झडणारा प्रकार सर्वाधिक आढळतो, त्याच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात ठरावीक गँग्लिओसाइडविरोधी प्रतिपिंडे सापडतच नाहीत. तिथे प्रतिपिंडांपेक्षा टी-पेशींचा हात असावा, असा संशय प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे १९५० च्या दशकापासून होता. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वित्झर्लंडमधल्या संशोधनाने रुग्णांच्या रक्तात मायलिनच्या प्रथिनांवर चालून जाणाऱ्या टी-पेशी दाखवल्या. म्हणजे जीबीएस ही एकाच शेवटाला येऊन मिळणाऱ्या वेगवेगळ्या वाटांची गोष्ट आहे. कॅम्पिलोबॅक्टरची वाट त्यांतली सर्वांत रुंद आणि सर्वांत चांगली मोजलेली, एवढेच.

बाकीच्या वाटांची नोंद थोडक्यात. सायटोमेगॅलोव्हायरस हा बहुतेकांच्या शरीरात कधीतरी गुपचूप येऊन राहणारा विषाणू. त्याच्यानंतरचा जीबीएस तुलनेने तरुणांत दिसतो आणि त्यात संवेदनांच्या व चेहऱ्याच्या नसा अधिक सापडतात. एप्स्टाइन-बार विषाणू, न्यूमोनिया आणणारा मायकोप्लाझ्मा आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी यांचाही दुवा मान्य झालेला आहे. हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून येणारा काविळीचा विषाणू नेदरलँड्स आणि बांगलादेश या दोन्हीकडच्या जीबीएस रुग्णांत इतरांपेक्षा अधिक वेळा सापडला. पावसाळ्यात गावेच्या गावे काविळीने आजारी पडलेली पाहिलेल्या महाराष्ट्राने या दुव्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे मला वाटते.

झिकाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण तिने शास्त्रज्ञांना आत्मविश्वास दिला आणि गोंधळातही टाकले. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशिया या प्रशांत महासागरातल्या छोट्या द्वीपसमूहात झिकाची साथ आली. एडिस डासाने पसरणारा हा विषाणू तोवर निरुपद्रवी मानला जात असे : थोडा ताप, अंगावर पुरळ, चार दिवसांत बरे. पण त्या साथीत तिथे जीबीएसचे ४२ रुग्ण झाले. एवढ्या छोट्या लोकसंख्येत हा आकडा नेहमीच्या कितीतरी पट. संशोधकांनी त्यांच्या रक्ताची तुलना इतर रुग्णांच्या रक्ताशी केली आणि जवळपास सगळ्याच जीबीएस रुग्णांत झिकाच्या खुणा मिळाल्या. हिशेब निघाला, दर चार हजार झिका संसर्गांमागे साधारण एक जीबीएस. २०१६ मध्ये ब्राझील, कोलंबियातून तेच चित्र आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या आणीबाणीत नवजात बालकांच्या छोट्या डोक्यांबरोबर जीबीएसचेही नाव आले. गोंधळ याचा, की झिकानंतरच्या रुग्णांत नेहमीची गँग्लिओसाइडविरोधी प्रतिपिंडे ठळकपणे दिसली नाहीत आणि ताप व लकवा यांतले अंतरही कमी होते. दुवा पक्का, यंत्रणा अस्पष्ट. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात बरेच रुग्ण झाले. तेव्हा हा विषय आपल्यासाठी परक्या बेटांचा राहिलेला नाही. डेंगी आणि चिकुनगुन्या यांच्यानंतरही जीबीएस होतो. पण झिकासह हे तिन्ही ताप एकाच डासाचे, झिका आणि डेंगी यांच्या रक्तचाचण्या एकमेकींत मिसळतात आणि म्हणून नेमका दोष कुणाचा हे सांगणे कठीण जाते.

कोविडने एक अनपेक्षित धडा दिला. पहिल्या लाटेत इटलीच्या उत्तरेतून जीबीएस वाढल्याच्या बातम्या आल्या. ब्रिटनमध्ये मात्र राष्ट्रीय नोंदी तपासल्या तेव्हा २०२० च्या वसंतात जीबीएसचे रुग्ण आधीच्या वर्षांपेक्षा कमी झाल्याचे दिसले. याचा अर्थ कोविड निर्दोष असा होत नाही. पुढे इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात कोविड झाल्यानंतरच्या दिवसांत जीबीएसचा धोका वाढल्याचे आढळलेच. पण टाळेबंदीत हॉटेले बंद होती, लोक हात धूत होते, एकमेकांत मिसळत नव्हते. तेव्हा जीबीएसला जन्म देणारे नेहमीचे संसर्गच घटले. नव्या विषाणूने जितके रुग्ण वाढवले असतील, त्यांहून अधिक जुने संसर्ग घटल्याने कमी झाले, हाच अर्थ मला सर्वांत पटतो.

संसर्गांविषयी बोलताना लसींचा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. १९७६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या फ्लूसारखा विषाणू सापडला. महासाथीच्या भीतीने सरकारने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. महासाथ आलीच नाही, पण लस घेतलेल्यांत लाखामागे सुमारे एक जादा जीबीएस आढळला आणि डिसेंबरात मोहीम थांबवली गेली. भारताचा स्वतःचा अनुभव याहून जुना. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली कुत्रा चावल्यावरची जुनी लस, जी आपल्या आई-वडिलांनी पोटावर चौदा इंजेक्शने म्हणून ओळखली, तिच्यामुळे काही जणांना मेंदूचे व नसांचे स्वप्रतिकारक आजार होत. कारण त्या लसीत चेताऊतीच होती. ती भारतात २००४ च्या सुमारास बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या सुरक्षित लसी आल्या. आज फ्लूच्या लसीनंतरचा जादा धोका दहा लाखांमागे एकाच्या आसपास आहे, आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या अभ्यासात खुद्द फ्लू झाल्यानंतरचा धोका त्याच्या कितीतरी पट निघाला. आपण ज्या लसीला कोव्हिशिल्ड म्हणून ओळखतो, तिच्या ब्रिटिश रूपाबाबत इंग्लंडचा हिशेब असा : एक कोटी लस घेणाऱ्यांमागे ३८ जादा रुग्ण, तर कोविड झालेल्या एक कोटींमागे १४५. धोका आहे, तो लोकांना सांगायला हवा आणि आजाराचा धोका त्याहून मोठा आहे हेही त्याच श्वासात सांगायला हवे. पुण्याच्या साथीत जीबीएसचे खापर कोविडच्या लसीवर फोडणारे निरोप फिरले. साथीच्या चार वर्षे आधी देशभर दिलेली लस एका रस्त्यावरच्या लोकांना एका महिन्यात लुळे करत नाही, एवढा विचार तो निरोप पुढे पाठवण्याआधी करता आला असता.

अशा साथीत पुरावा गोळा करणे किती अवघड असते, याचीही जाणीव हवी. अशक्तपणा सुरू होतो जुलाबांनंतर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर जंतू बहुधा शौचातून नाहीसा झालेला असतो आणि मधे कुणीतरी अँटिबायोटिकही दिलेले असते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून माग काढावा, तर उपचार म्हणून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये हजारो रक्तदात्यांची प्रतिपिंडे असतात. ते देण्याआधी रक्त काढून ठेवले नसेल तर पुढची चाचणी निरुपयोगी ठरते. उलट्या बाजूची अडचणही तितकीच खरी : आपल्यासारख्या देशांत लहान मुलांच्या पोटात कॅम्पिलोबॅक्टर वारंवार येतो-जातो, कित्येकदा काही त्रास न देता. म्हणून तो एखाद्याच्या शौचात सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असेही नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस दोन्ही सापडले. सुदैवाने ही संस्था त्याच शहरात आहे. ही साथ मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात आली असती तर नमुने वेळेत, योग्य थंडाव्यात कुठवर पोहोचले असते?

पुण्याआधी जगाने अशाच साथी पाहिल्या होत्या. २०११ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतले सान लुईस रिओ कोलोराडो आणि सीमेपलीकडचा अमेरिकेतला युमा परगणा इथे मिळून २६ जीबीएस रुग्ण झाले. कॅम्पिलोबॅक्टर आणि नीट शुद्ध न केलेले पाणी यांच्याकडे बोट गेले. पेरूमध्ये २०१९ मध्ये शेकडो रुग्ण झाले, कॅम्पिलोबॅक्टरचा एक विशिष्ट वाण सापडला आणि २०२३ मध्ये पुन्हा साथ आल्यावर सरकारला राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. उलट दिशेचा पुरावा न्यूझीलंडचा आहे आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत मोलाचा. त्या देशात कॅम्पिलोबॅक्टरचे प्रमाण विकसित देशांत सर्वाधिक होते. २००६ नंतर त्यांनी कोंबडीच्या मांसावर कडक नियम लावले. कॅम्पिलोबॅक्टरचे रुग्ण निम्म्याने घटले आणि पुढच्या वर्षांत जीबीएससाठी रुग्णालयात दाखल होणारेही सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. कत्तलखान्यातल्या नियमाने चेताविकार कमी झाला, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

सिंहगड रस्त्याच्या प्रश्नाचे मूळही अशाच व्यवस्थेत आहे, फक्त इथे ती पाण्याची. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही दुसऱ्या खेपेतली. गावे शहरात आली, इमारती उभ्या राहिल्या. शहराचे शुद्धीकरण केलेले पाणी त्या वेगाने पोहोचले नाही. नांदेडच्या मोठ्या विहिरीतले पाणी केवळ क्लोरीन टाकून आसपासच्या वस्तीला जात होते. उरलेली तहान टँकर आणि खासगी आरओ केंद्रांचे जार भागवत होते. साथीत तपासणी झाली तेव्हा काही ठिकाणच्या पाण्यात क्लोरीनचा अंशच नव्हता, काही आरओ केंद्रांचे पाणी पिण्यालायक नव्हते, आणि महापालिकेने ती केंद्रे बंद केली. ज्या धरणाच्या काठावर हे लोक राहतात, त्याच धरणाचे पाणी शुद्ध होऊन शहराच्या मध्यवस्तीत जाते. यात शास्त्राचे कोडे काहीच नाही. खेड्यात जलसुरक्षक रोज पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीने पाण्यात पिवळा रंग येतो की नाही बघतो, पावसाळ्याआधी व नंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ही व्यवस्था कागदावर तरी आहे. गाव आणि शहर यांच्या मधल्या पट्ट्याला मात्र धड कोणतीच लागू पडत नाही, आणि रोग तिथेच शिरला.

उपचारांविषयी दोनच गोष्टी. इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलणे हे दोन उपाय सारखेच गुणकारी आहेत. स्टेरॉइडचा उपयोग नाही, हे चाचण्यांतून सिद्ध झालेले असूनही कुठे कुठे ती दिली जातात. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागते, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या, आणि खर्च लाखांत. व्हेंटिलेटरचे दिवस वेगळे. पुण्यात महापालिकेने आणि राज्य सरकारने मोफत उपचार व वाढीव मदत जाहीर केली, ते योग्यच झाले. पण ढाक्यातल्या डॉक्टरांनी अतिशय साध्या साधनांनी थोडा थोडा प्लाझ्मा बदलण्याची जी पद्धत वापरून पाहिली, तिचा खर्च इम्युनोग्लोब्युलिनच्या तुलनेत नगण्य आहे. तिच्या मोठ्या चाचण्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्हायला हव्यात.

भारतात पंधरा वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओवरच्या पाळतीमुळे त्याची नोंद होते, शौचनमुना प्रयोगशाळेत जातो, घरी भेट दिली जाते. पोलिओ गेल्यानंतर या नोंदींत सर्वांत जास्त सापडणारा आजार जीबीएसच आहे. मोठ्या माणसांसाठी अशी पाळत नाही. म्हणून पुण्याची साथ कळली ती डॉक्टरांच्या सावध नजरेमुळे, व्यवस्थेमुळे नव्हे. मोठ्या माणसांच्या जीबीएसची नोंद साथीपुरती न राहता कायमची आणि राज्यभर व्हावी, प्रत्येक रुग्णाचे रक्त व शौचाचा नमुना उपचार सुरू होण्याआधी घेतला जावा, आणि नमुना कॅम्पिलोबॅक्टरसाठी तपासण्याची सोय निदान प्रत्येक विभागीय मुख्यालयात असावी, ही मागणी आरोग्य खात्याकडे नेटाने करायला हवी. महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांच्या पाण्यातल्या क्लोरीनचे रोजचे आकडे लोकांना पाहता येतील असे जाहीर व्हावेत, ही दुसरी.

वाचकांसाठी एवढेच : कोंबडी नीट शिजवून खा, ती सोडण्याची गरज नाही. कच्ची कोंबडी चिरलेल्या पाटावर आणि सुरीने कोशिंबीर चिरू नका. टँकरचे किंवा जारचे पाणी उकळून प्या. आणि जुलाब किंवा ताप येऊन गेल्यानंतर महिन्याभरात दोन्ही पायांत मुंग्या येऊन ते दुबळे वाटू लागले, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागला, तर अशक्तपणा म्हणून टॉनिक घेत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.